जगज्जेते घडविणारा अभियंता

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची मूळ परंपरा १८८६ सालापासूनची. त्या परंपरेचा धागा धरला, तर १९७५ ते २००७ अशी सलग बत्तीस वर्षे हा मुकुट अवघ्या तिघांच्या मस्तकी राहिल्याचे दिसते. अनातोली कारपॉव्ह, गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमिर क्रामनिक हे ते तिघे. तिघांच्या खेळाची जातकुळी निराळी. कारपॉव्ह प्रतिस्पर्ध्याचा श्वास हळूहळू कोंडणारा, कास्पारोव्ह वादळासारखा अंगावर येणारा, तर क्रामनिक भक्कम तटबंदीच्या आडून नेमका घाव घालणारा. तरीही एक गोष्ट तिघांनाही समान होती. शाळकरी वयात हे तिघेही एकाच गुरूसमोर आपले डाव मांडून बसले होते. त्या गुरूचे नाव मिखाईल मोइसेयेविच बॉटविनिक.

बॉटविनिक स्वतः तीन वेळा जगज्जेते झाले. १९४८ ते १९६३ या पंधरा वर्षांतील मधली साधारण दोन वर्षे वगळता हे पद त्यांच्याकडेच होते. पण त्यांच्या आयुष्याचे मोल केवळ विजेतेपदांत मोजता येत नाही. खेळाडू सुधारतो कसा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग करून शोधले आणि मग ते मुलांच्या हाती दिले. बुद्धिबळाच्या शिकवणीला शिस्तबद्ध शास्त्राचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव म्हणूनच अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९११ रोजी सेंट पीटर्सबर्गनजीकच्या कुओक्काला या गावी झाला. हे गाव त्या वेळी रशियन साम्राज्याच्या अधिपत्याखालील फिनलंडमध्ये मोडत असे. आज ते रशियात असून रेपिनो या नावाने ओळखले जाते. वडील दंततंत्रज्ञ, तर आई दंतवैद्य. कुटुंब ज्यू धर्मीय असले, तरी घरात रशियन भाषाच बोलली जावी असा वडिलांचा कटाक्ष होता. मिखाईल नऊ वर्षांचा असताना वडिलांनी घर सोडले आणि कुटुंबाची सारी जबाबदारी आईवर येऊन पडली. क्रांती, यादवी युद्ध आणि टंचाई यांनी गांजलेल्या शहरात या मुलाचे बालपण गेले.

बुद्धिबळाशी त्याची ओळख झाली ती १९२३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी. थोरल्या भावाच्या एका मित्राने घरीच तयार केलेल्या पटावर त्याला सोंगट्या कशा चालतात ते दाखवले. आज सहाव्या-सातव्या वर्षी स्पर्धेत उतरणारी मुले पाहिली, की ही सुरुवात फारच उशिराची वाटते. मात्र दोनच वर्षांत या मुलाने आपली चुणूक दाखवली. नोव्हेंबर १९२५ मध्ये मॉस्कोत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू होती. तिच्या सुटीच्या दिवशी तत्कालीन जगज्जेते होजे राउल कॅपाब्लांका लेनिनग्राडला आले आणि एकाच वेळी अनेक खेळाडूंशी खेळले. त्या पटांपैकी एका पटामागे चौदा वर्षांचा बॉटविनिक होता. त्याने तो डाव जिंकला.

अशा विजयाने एखाद्या मुलाचे डोके फिरले असते. बॉटविनिकच्या बाबतीत मात्र पुढची वाटचाल विलक्षण शिस्तीची झाली. १९२७ साली सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धेत खेळून त्याने मास्टर किताब मिळवला, १९३१ साली वयाच्या विसाव्या वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला. पुढे एकूण सहा वेळा हे विजेतेपद त्याच्या नावावर लागले. याच काळात लेनिनग्राडच्या तंत्रविद्या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षणही सुरू होते. उच्च दाबाची विद्युत यंत्रणा हा त्याचा विषय. पुढे या विषयात त्याने डॉक्टरेट मिळवली आणि आयुष्यभर अभियंता म्हणून कामही केले. बुद्धिबळ हाच पूर्णवेळ व्यवसाय करण्याची मुभा सोव्हिएत व्यवस्थेत आघाडीच्या खेळाडूंना होती, तरीही त्याने आपली नोकरी आणि संशोधन सोडले नाही.

अभियंत्याची ही दृष्टीच पटावर उतरली. यंत्र बिघडले, की दोष कुठे आहे ते शोधायचे, तो भाग दुरुस्त करायचा आणि पुन्हा चाचणी घ्यायची. बॉटविनिक यांनी स्वतःच्या खेळाकडे नेमके असे पाहिले. १९३३ साली चेकोस्लोव्हाकियाचे सालो फ्लोर यांच्याशी त्यांचा बारा डावांचा सामना झाला. पहिल्या सहा डावांत दोन पराभव पत्करल्यानंतर त्यांनी उत्तरार्धात दोन विजय खेचून आणले आणि सामना बरोबरीत सोडवला. प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या डावांचा बारकाईने अभ्यास करून त्याच्या सवयी हेरणे, हे आज सर्वमान्य झालेले तंत्र त्यांनी त्या काळात पद्धतशीरपणे वापरले.

स्पर्धेच्या तयारीची आपली पद्धत त्यांनी महायुद्धाच्या सुमारास लेखी स्वरूपात मांडली. ती वाचताना आजही तिच्यातील साधेपणा लक्षात राहतो. नव्याने प्रसिद्ध झालेले डाव नियमित वाचावेत. पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्यांसाठी मोजक्या पण पक्क्या सुरुवाती तयार ठेवाव्यात, आणि त्यांतून मधल्या डावात कशा प्रकारची स्थिती निर्माण होते हेही समजून घ्यावे. विश्वासू सहकाऱ्याबरोबर सरावाचे डाव खेळावेत आणि ते बाहेर फुटू देऊ नयेत. मोकळ्या हवेत राहून प्रकृती ठणठणीत करावी. आणि स्पर्धेला पाच दिवस उरले, की पट बाजूला ठेवून विश्रांती घ्यावी, म्हणजे खेळण्याची भूक टिकून राहते.

या साऱ्यांत त्यांनी सर्वाधिक महत्त्व दिले ते स्वतःच्या डावांचे विश्लेषण लिहून काढण्याला. हे विश्लेषण शक्यतो प्रसिद्ध करावे, असा त्यांचा आग्रह होता. कारण उघड होते. घरात बसून माणूस स्वतःच्या चुकांवर सहज पांघरूण घालतो. तेच विश्लेषण छापून आले, की चार जाणकार त्यातील उणिवा दाखवतात. ही टीका सहन करण्याची सवय लागल्याशिवाय खेळाडूची वाढ होत नाही, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते.

दोष दुरुस्त करण्याच्या त्यांच्या युक्त्या कधी कधी गमतीच्याही वाटतात. ज्याला घड्याळाच्या धावपळीत चुका होतात, त्याने सरावाच्या काही डावांत निकालाची चिंता सोडून केवळ वेळेच्या वाटणीकडे लक्ष द्यावे, असा उपाय त्यांनी सुचवला होता. त्यांना स्वतःला तंबाखूच्या धुराचा आणि गोंगाटाचा त्रास होई. त्या काळात स्पर्धेच्या सभागृहात धूम्रपानाला बंदी नव्हती. तेव्हा त्यांनी सरावातील सहकारी व्याचेस्लाव रागोझिन यांना मुद्दाम तोंडासमोर धूर सोडायला आणि रेडिओ मोठ्याने लावायला सांगून डाव खेळले. अडचण टाळता येत नसेल तर तिची सवय करून घ्यायची, हा त्यामागचा रोकडा विचार.

१९३६ साली नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत त्यांनी कॅपाब्लांका यांच्यासह संयुक्त पहिला क्रमांक मिळवला आणि जगज्जेतेपदाचे दावेदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. पुढे युद्ध आले. अधू दृष्टीमुळे ते सैन्यात गेले नाहीत. त्यांच्या पत्नी गयाने या किरोव्ह नाट्यगृहातील नृत्यांगना. ते नृत्यपथक उरल भागातील मोलोतोव्ह (आजचे पेर्म) शहरी हलवण्यात आले, तेव्हा बॉटविनिकही तेथे जाऊन वीजवाहिन्यांच्या कामावर रुजू झाले. कामाच्या रगाड्यात सराव बुडू लागला, तेव्हा त्यांनी थेट परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांच्याकडे दाद मागितली आणि आठवड्यातील तीन दिवस बुद्धिबळासाठी मिळवले.

१९४६ साली जगज्जेते अलेक्झांडर अ‍ॅलेखाइन यांचे निधन झाले आणि सिंहासन रिकामे पडले. १९४८ साली हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा घेण्यात आली. बॉटविनिक यांनी वीस डावांत चौदा गुण मिळवत ती जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरील वासिली स्मिस्लॉव्ह तीन गुणांनी मागे राहिले. सोव्हिएत संघाचा हा पहिला जगज्जेता. या यशाला राज्यसत्तेचे भक्कम पाठबळ होते, हे नाकारता येत नाही. पॉल केरेस यांच्यावर या स्पर्धेत दडपण आणले गेले असावे, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली. तिचा निर्णायक पुरावा मात्र पुढे आला नाही. बॉटविनिक निष्ठावंत कम्युनिस्ट होते, तरी होयबा नव्हते. देश सोडून गेलेल्या व्हिक्टर कोर्चनॉय यांच्या निषेधाच्या पत्रकावर १९७६ साली बहुतेक ग्रँडमास्टरांनी सह्या केल्या, तेव्हा सही न करणाऱ्या मोजक्यांत बॉटविनिक होते.

जगज्जेतेपदाच्या काळात त्यांची खरी कसोटी पराभवांनी पाहिली. १९५१ साली डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांच्याविरुद्ध दोन डाव शिल्लक असताना ते एका गुणाने मागे होते. तेविसावा डाव जिंकून आणि शेवटचा बरोबरीत सोडवून त्यांनी बारा-बारा अशा बरोबरीवर पद राखले. १९५७ साली स्मिस्लॉव्ह यांनी त्यांना हरवले. पुढच्याच वर्षी परतीच्या सामन्यात त्यांनी हिशेब चुकता केला. १९६० साली तेवीस वर्षांच्या मिखाईल ताल याने आपल्या बेफाम बलिदानांनी त्यांची दाणादाण उडवली. अनेकांना त्यांची कारकीर्द संपली असे वाटले असल्यास नवल नव्हते. बॉटविनिक यांनी ताल याचे डाव घेऊन त्यांची चिरफाड केली. उघड्या, गुंतागुंतीच्या स्थितीत ताल अजिंक्य. पण बंदिस्त स्थिती आणि अंतिम डाव यांत तो तितका प्रभावी नाही, हे त्यांनी ताडले. १९६१ साली वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी तेरा विरुद्ध आठ गुणांनी मुकुट परत मिळवला. हरलेल्या जगज्जेत्याला परतीचा सामना मागण्याचा हक्क त्या वेळच्या नियमांत होता आणि त्याचा त्यांना लाभ झाला, हे खरे. पण मिळालेल्या वर्षाचे त्यांनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे. १९६३ साली तिग्रान पेट्रोशियन यांच्याकडून ते हरले, तेव्हा तो हक्क रद्द झालेला होता. त्यांनी पुन्हा आव्हानवीरांच्या रांगेत उभे राहायचे नाही असे ठरवले.

त्याच वर्षी एक नवी सुरुवात झाली. त्रुद या क्रीडा संघटनेच्या आश्रयाने बॉटविनिक यांनी निवडक मुलांना शिकवायला प्रारंभ केला. शाळा म्हटले की डोळ्यांसमोर वर्ग, फळा आणि रोजची हजेरी येते. ही शाळा तशी नव्हती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले शाळेच्या सुटीत काही दिवसांसाठी एकत्र येत. प्रत्येकाने आपले खेळलेले डाव सर्वांसमोर मांडायचे, कोणती चाल का खेळली ते सांगायचे आणि गुरूच्या व सोबत्यांच्या प्रश्नांना सामोरे जायचे. मग प्रत्येकाची उणीव पाहून वेगवेगळा गृहपाठ दिला जाई. कोणाला अंतिम डावाचा अभ्यास, कोणाला एखाद्या जुन्या खेळाडूचे डाव, तर कोणाला स्वतःच्या हरलेल्या डावांचे लेखी विश्लेषण. पुढच्या भेटीत त्याची तपासणी. अधल्यामधल्या काळात मुले आपापल्या गावी आपापल्या प्रशिक्षकांकडे सराव करीत.

पहिल्या तुकडीत यूरी बालाशोव याच्याबरोबर उरलमधील झ्लातौस्त या औद्योगिक गावचा बारा वर्षांचा एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. त्याचे डाव पाहून बॉटविनिक निराश झाले. या मुलाला बुद्धिबळाची काहीच समज नाही आणि या क्षेत्रात त्याला भवितव्य नाही, असे त्यांनी बोलून दाखवल्याची नोंद आहे. तो मुलगा म्हणजे अनातोली कारपॉव्ह.

बुद्धिबळाच्या इतिहासातील सर्वांत चुकलेल्या भाकितांपैकी हे एक. पण त्यानंतर काय झाले, ते अधिक बोलके आहे. भाकीत वर्तवूनही गुरूने मुलाला गृहपाठ दिला. तो सोडवण्यासाठी कारपॉव्हला प्रथमच ग्रंथ उघडून नेटाने अभ्यास करावा लागला. सुरुवातीच्या चालींबाबत आपल्या मनात तेव्हा गोंधळ होता आणि त्या गृहपाठाने आपल्याला मोठा लाभ झाला, हे पुढे कारपॉव्ह याने मान्य केले. पंधराव्या वर्षी तो सोव्हिएत मास्टर झाला, १९६९ साली कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला आणि १९७५ साली बॉबी फिशर याने खेळण्यास नकार दिल्यावर जगज्जेतेपदी बसला. गुरूची पारख चुकली, पण पद्धत चुकली नाही.

दहा वर्षांनी, १९७३ साली, बाकूहून दहा वर्षांचा गॅरी आला. प्रशिक्षक अलेक्झांडर निकितिन यांनी त्याच्यातील गुण हेरले होते. वडिलांचे छत्र हरपलेल्या या मुलाची स्मरणशक्ती आणि कल्पनाशक्ती थक्क करणारी होती. या खेपेला बॉटविनिक यांना मुलाची कुवत ओळखायला वेळ लागला नाही. मात्र त्यांनी त्याचे कोडकौतुक करण्याऐवजी त्याला लगाम घातला. चालींच्या असंख्य शाखा झरझर दिसतात म्हणून त्यांच्या मागे वाहवत जाऊ नये. आपण त्यांच्यावर हुकमत गाजवावी, त्यांना आपल्यावर गाजवू देऊ नये, अन्यथा अ‍ॅलेखाइन होण्याचे स्वप्न स्वप्नच राहील, अशी समज त्यांनी या शिष्याला दिली. १९७८ साली मिन्स्कच्या स्पर्धेत अपवाद म्हणून प्रवेश मिळालेल्या चौदा वर्षांच्या कास्पारोव्हने पहिला क्रमांक पटकावून मास्टर किताब मिळवला. १९८५ साली त्याने कारपॉव्हला तेरा विरुद्ध अकरा गुणांनी नमवले आणि बाविसाव्या वर्षी तो सर्वांत तरुण जगज्जेता ठरला. एका शिष्याने दुसऱ्याच्या हातून मुकुट घेतला.

पुढे गुरू आणि शिष्य यांनी मिळून शाळा चालवली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या शाळेत आलेल्या मुलांत अलेक्सी शिरोव्ह होता आणि काळ्या समुद्राकाठच्या तुआप्से गावचा व्लादिमिर क्रामनिकही होता. १९९२ साली मनिलाच्या ऑलिंपियाडसाठी क्रामनिकला रशियाच्या संघात घ्यावे, असा आग्रह कास्पारोव्हने धरला. त्याने नऊ डावांत साडेआठ गुण मिळवून तो सार्थ ठरवला. २००० साली लंडनमध्ये याच क्रामनिकने कास्पारोव्हला एकही डाव न हरता जगज्जेतेपदावरून खाली खेचले. बर्लिन बचाव नावाची जुनी, बाजूला पडलेली सुरुवात त्याने घरी घासूनपुसून तयार केली होती. प्रतिस्पर्ध्याच्या बलस्थानांना वावच न देणारी ही तयारी, १९६१ साली बॉटविनिक यांनी ताल याच्याविरुद्ध केलेल्या तयारीच्याच वळणाची होती. ती पाहायला बॉटविनिक मात्र हयात नव्हते.

त्यांचे सारेच बेत तडीस गेले असे नाही. १९७० साली स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बुद्धिबळ खेळणारा संगणक तयार करण्याचा ध्यास घेतला. माणूस सर्व चाली मोजत नाही, निवडक चालींचाच विचार करतो; संगणकालाही तसे शिकवता येईल, अशी त्यांची धारणा होती. पायोनियर नावाच्या त्यांच्या प्रकल्पावर त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली, परंतु त्यातून प्रबळ खेळाडू निर्माण झाला नाही. १९९७ साली कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू संगणक जिंकला तो प्रचंड गणनशक्तीच्या जोरावर, म्हणजे बॉटविनिक यांच्या कल्पनेच्या नेमक्या उलट वाटेने.

२००७ साली मेक्सिको सिटीतील स्पर्धेत विश्वनाथन आनंद याने क्रामनिककडून जगज्जेतेपद घेतले आणि बॉटविनिक-शिष्यांची बत्तीस वर्षांची मालिका खंडित झाली. पण शिकवणीचा प्रवाह आटला नाही. उलट तो भारताकडे वळला. स्पर्धात्मक खेळातून २०१९ साली निवृत्त झालेल्या क्रामनिकने बोरिस गेल्फंड याच्यासह भारतीय मुलांसाठी प्रशिक्षण शिबिरे घेतली. त्यांत प्रज्ञानंद आणि गुकेश होते. २०२० साली आनंदच्या मार्गदर्शनाखाली अकादमी सुरू झाली; तिच्या पहिल्या निवडक तुकडीत या दोघांबरोबर नागपूरचा रौनक साधवानी होता. आधीच आपापले प्रशिक्षक असलेली मोजकी मुले आणि त्यांना अधूनमधून लाभणारे जगज्जेत्याचे मार्गदर्शन, ही रचना १९६३ च्या त्या शाळेची आठवण करून देणारी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि कास्पारोव्हचा सर्वांत तरुण जगज्जेतेपदाचा विक्रम मागे पडला.

आज मुंबई-पुण्यातील कोणत्याही मुलाच्या हाती असे संगणकीय साधन आहे, की ज्याच्यासमोर बॉटविनिक यांचाही निभाव लागला नसता. डाव संपताक्षणी चूक कुठे झाली ते पडद्यावर दिसते. पण ती का झाली, हे यंत्र सांगत नाही. घाई झाली, भीती वाटली, की प्रतिस्पर्ध्याला कमी लेखले, याचा शोध मुलालाच घ्यावा लागतो. बॉटविनिक यांचा आग्रह होता तो याच शोधासाठी. शिकवणी वर्ग निवडताना तेथील विजेत्यांचे फलक पाहणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट पाहायला हरकत नाही. आपल्या मुलाच्या वहीत त्याने हरलेले डाव त्याच्याच हस्ताक्षरात, त्याच्याच शब्दांतील कारणांसह लिहिलेले आहेत का? झ्लातौस्तच्या त्या मुलाला भवितव्य नाही असे वाटूनही त्याच्या गुरूने त्याला गृहपाठ दिला होता, आणि त्याने तो पूर्ण केला होता.